मिठाशेजारची बरणी

नवरा गेला, लेक कॅनडात स्थायिक झाली, आणि माझ्या कांदिवलीच्या घराला सोबत उरली ती बारावीच्या पोरांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्यांची आणि समोरच्या दारातल्या मालवणी मैत्रिणीची. बेल वाजवणं तिला ठाऊकच नव्हतं. वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरायची. "बाय, मीठ संपला गो, तुज्याकडचा घेतंय!" मी हो म्हणेपर्यंत वाटी भरलेली असायची. शिकवणी नसेल त्या दिवशी माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे तीच.

पोरांना दाखवायला मी घरात बेरियम नायट्रेट ठेवलं होतं. पांढरे खडे, वास नाही, पाण्यात विरघळतात. तारेच्या टोकावर घेऊन गॅसवर धरले की निळी ज्योत पोपटी होते. फटाक्यांतला हिरवा रंग याच्यापासून यायचा असं सांगितलं की पेंगणारी पोरंही मान वर करतात. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला भलताच जोर देतं. पोटात गेलं तर आधी उलट्या, मग हातपाय लुळे, मग हृदयाचे ठोके बिघडतात. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. आणि बरणी कुठे ठेवली, तर गॅसजवळ, खडेमिठाच्या बरणीला लागून. वर चिठ्ठी होती, पण तिच्यावर नुसतं रासायनिक सूत्र. मला ते नावासारखंच वाचता येतं. दुसऱ्या कुणाला येणार नाही, हे या शहाणीच्या डोक्यातच आलं नाही.

पितृपक्षात तिच्या नवऱ्याची तिथी होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिची हाक ऐकू आली, पण नेहमीचंच म्हणून मी उत्तरही दिलं नाही. आत आले तर त्या बरणीचं झाकण तिरकं. अनवाणीच धावले. तिच्या शेगडीवर काळ्या वाटाण्याचं सांबार रटरटत होतं, 'मीठ' घालून झालं होतं. कावळ्याला पान ठेवायच्या आधी चव घ्यायची नसते, म्हणून तिने ते जिभेला लावलं नव्हतं. तेवढ्यानेच ती वाचली.

मी गॅस बंद केला आणि तिच्यावरच ओरडले, "अक्कल आहे का तुला? न विचारता लोकांच्या बरण्यांत हात घालतेस!"

चूक सगळी माझी. वाटत होती भीती, पण तोंडातून बाहेर पडला तो राग. हातातला डाव खाली ठेवत ती म्हणाली, "तुजा घर माजाच, म्हणान इचारूक नाय."

तिच्या नवऱ्याच्या पानावर त्या दिवशी नुसता वरणभात गेला. पातेलं मी माझ्याकडे आणलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सांबार आणि ती बरणी, दोन्ही ओळखीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नीट विल्हेवाट लावायला पोचवली.

त्याच संध्याकाळी माफी मागायला गेले. तिने चहा केला, माझा हातही धरला. "राग नाय गो," म्हणाली, "पण आता इचारूनच घेतलेला बरा."

त्याला वर्ष होत आलं. तिने अजून काहीच मागितलेलं नाही.