जास्तीची खुर्ची

दुपारचे अडीच वाजलेत. हेमांगी कर्णिक दिवाणावर आडवी होते, ती फक्त पाठ टेकायला. निदान स्वतःला ती तसं सांगते, आणि दुपारी झोपणारे सगळेच तसं सांगतात. पाच वाजता घोरपडेकाका येणार आहेत. त्याआधी एक काम करायचं राहिलंय, आणि ते टाळायला झोपेइतकी सोयीची गोष्ट नाही.

तिचे डोळे मिटायच्या आत ते काम काय ते सांगून टाकलेलं बरं.

हेमांगीने नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं. गेली चार वर्षं ती घरच्या कॉम्प्युटरवर एक विमान बनवतेय. सिम्युलेटरमध्ये बसवायचं, जॉयस्टिक धरून उडवायचं, पण अंगावरच्या रिव्हेटपर्यंत अस्सल. विमानाचं नाव कॅनबेरा. एकाहत्तरच्या लढाईत आपल्या हवाई दलाने वापरलेलं हे हलकं बॉम्बफेकी विमान. तिचे वडील, फ्लाइट लेफ्टनंट सदानंद कर्णिक, त्यात नॅव्हिगेटर होते. म्हणजे रस्ता दाखवणारे. त्या डिसेंबरात ते परत आले नाहीत. हेमांगी जन्मली ती फेब्रुवारीत.

आता या कॅनबेराच्या जाती पुष्कळ. सुरुवातीच्या जातीत नॅव्हिगेटरलाही बाहेर फेकणारी सीट असे. विमान पेटलं की हँडल ओढायचं, सीट माणसासकट उडते आणि पॅराशूट उघडतं. आपल्याकडच्या अठ्ठावन्न नंबरच्या जातीत मात्र तशी सीट एकट्या पायलटला. नॅव्हिगेटर खाली विमानाच्या नाकात, नकाशांच्या गर्दीत. संकट आलं तर त्याने रांगत मागे यायचं, भिंतीवरचं पॅराशूट छातीला अडकवायचं, बाजूचं दार उघडायचं आणि उडी मारायची. एवढं सगळं करायला वेळ लागतो.

हेमांगीने अठ्ठावन्नच्या नाकात सीट बसवली. जुन्या जातीची, निळ्या गादीची.

इंटरनेटवर अशी विमानं बनवणाऱ्यांची एक जमात आहे. तुम्ही सख्ख्या भावाच्या लग्नाला गेला नाहीत तर हे लोक काही म्हणणार नाहीत, पण रिव्हेट एका रेषेत नसेल तर रात्रभर जागतील. त्यांच्यातल्या एकाने चूक लगेच पकडली. बाई, तुमच्या अठ्ठावन्नमध्ये एक खुर्ची जास्तीची आहे, चुकून दुसऱ्या जातीचा नकाशा घेतलात वाटतं. हेमांगीने कळवलं, हो, चुकून. सुधारते. त्याला आता वर्ष झालं. ती चूक नव्हती हे तिला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती विमान उडवी, पेटवी, आणि नाकातली सीट सुटून आभाळात जाताना बघी. मग जेवायला उठे.

आज ते विमान उडवायला घोरपडेकाका येणार, आणि त्याआधी ती सीट काढून टाकायला हवी. विंग कमांडर रणजीत घोरपडे, वय वर्षं त्र्याऐंशी. त्या दिवशीचे पायलट. ते सीटने बाहेर पडले आणि वाचले. बहात्तरच्या जानेवारीत ते घरी भेटायला आले, तेव्हा आईने त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. त्यांनी नंतर पत्र लिहिलं की मी सदाला दारापर्यंत जाता यावं म्हणून विमान चाळीस सेकंद सरळ धरून ठेवलं होतं. आईने पत्र वाचून घडी केली आणि म्हणाली, सेकंद कुणी मोजले. आजही ती साडेचारला भजनाला निघून जाणार आहे. बुधवारी भजन नसतं.

तर हेमांगी आडवी झालीय. कॉम्प्युटरचा पंखा घुमतोय. स्वयंपाकघरात आई भांडी घासतेय, एकेक भांडं ठेवल्याचा आवाज येतोय. तिला तहान लागते. ती उठते, किंवा उठल्यासारखं वाटतं, आणि स्वयंपाकघरात जाते. आई तिथे नाही, आवाज मात्र येतोय. माळ्याचं दार उघडं आहे.

ती स्टुलावर चढून आत शिरते. माळ्यावर मोठी पातेली असायला हवीत. पातेली नाहीत. ती पोटावर सरकत पुढे जाते, कोपरं गार पत्र्यावर घासतात. पुढे काच आहे आणि काचेखाली जमीन मागे पळतेय. हे तिने काढलेलं विमानाचं नाक आहे. डावीकडचा तिसरा रिव्हेट जरा वाकडा आहे, तो सुधारायचा राहिला होता. मधोमध निळी गादी. गादीवर कुणी नाही, पण हात लावला तर ती गरम आहे.

ती घाबरते. मागे सरकायला जाते तर मागे माळा नाही, तंत्रनिकेतनाचा जिना आहे. ती जिना उतरते आणि शेवटच्या पायरीखाली वाळू लागते.

वाळूत एक बाभूळ आहे. तिच्या पलीकडे तशीच एक, आणि तिच्याही पलीकडे. सगळ्यांची तीच एक फांदी मोडलेली. हेमांगीने एकच बाभूळ मन लावून काढली होती आणि विमानाखालच्या वाळवंटात चार हजार वेळा चिकटवली होती. वरून जाताना कोण बघतं, असा तिचा हिशेब.

बाभळींमधून एक तरुण चालत येतो. अंगात उड्डाणाचा पोशाख, काखेत गुंडाळलेलं पॅराशूट. उजव्या मनगटाला बारीक दोरी आणि दोरीला काळी मेणपेन्सिल लोंबतेय. दिवाणखान्यातल्या फोटोत कान इतके मोठे दिसत नाहीत.

"काकू," तो अदबीने विचारतो, "इथून गाव किती लांब आहे?"

त्रेपन्न वर्षं हेमांगीने या माणसाला बाबा म्हणायची तयारी केली होती, आणि समोर तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा पोरगा उभा आहे. ती म्हणते की इथे गाव नाही.

तो मान हलवतो. त्याला ते ठाऊक असावं. तो तिला सांगतो, तक्रार म्हणून नाही, नुसतं कामाचं सांगावं तसं. रोज संध्याकाळी विमान पेटतं आणि कुणीतरी त्याला खालून वर फेकतं. तो उतरतो, पॅराशूट गुंडाळतो, पूर्व धरून चालायला लागतो. बाभूळ लागते. मग तीच बाभूळ लागते. मग जमीन संपते.

"संपते म्हणजे?"

तो बोट दाखवतो. शेवटच्या बाभळीच्या पुढे काही नाही. आभाळ नाही, दरी नाही. कोऱ्या ड्रॉइंग शीटसारखं पांढुरकं, खालपासून वरपर्यंत. हेमांगीने जमीन तिथपर्यंतच काढली होती. पुढची लागणारच नव्हती.

"मग तुम्ही काय करता?"

"उभा राहतो. रात्र पडत नाही, भूकही लागत नाही. हाक मारून बघितली. मग पुन्हा संध्याकाळ होते आणि मी विमानात असतो."

रोज संध्याकाळी ज्याला आपण वाचवत होतो, त्याला आपण इथे आणून सोडत होतो. तिला रडू येतं आणि ती त्याला सगळं सांगून टाकते. ती खुर्ची तिने बसवली. मुद्दाम बसवली. तिला त्याला घरी आणायचं होतं.

"तुम्ही कोण पण?"

"हेमांगी."

तो थबकतो. पॅराशूट खाली ठेवतो. "मुलगी झाली तर हेमांगी, असं मी कुंदाला लिहिलं होतं."

"पत्र पोचलं."

"कधी?"

"तुमच्यानंतर चार दिवसांनी."

तो तिच्या पांढऱ्या केसांकडे बघतो, हातांकडे बघतो. ओठ हलतात. नॅव्हिगेटर आहे, वेळ आणि अंतर मनातल्या मनात मांडणं त्याच्या हाडीमाशी आहे. गणित सुटतं तेव्हा तो जरा हसतो आणि मग हसत नाही.

"फार मोठी झालीस गं," तो म्हणतो.

विमान हादरतं. ते दोघं नाकात आहेत, दाटीवाटीने. उजवा पंख पेटलाय, काचेवर नारिंगी उजेड नाचतोय. वर मान केली की पायलटचे फक्त बूट दिसतात. घोरपडेकाकांचे बूट, तरुण, पेडलवर घट्ट रोवलेले. विमान उजवीकडे कलायला बघतं आणि ते बूट त्याला कलू देत नाहीत. डावा गुडघा थरथरतोय. तो थरथरणारा गुडघा हेमांगीने कधी काढला नव्हता.

"एवढा वेळ का धरून बसलाय तो?" सदानंद विचारतो. त्याला उत्तर माहीत आहे, मास्तर विचारतात तसं विचारतोय.

हेमांगी निळ्या गादीकडे बघते. नाकात सीट असली तर दोन हँडलं ओढायची, दोघं बाहेर. मग विमान कशासाठी सरळ धरायचं? तिच्या विमानात घोरपडेकाका एक वेडा माणूस आहे, जळत्या विमानात उगाच बसून राहिलेला.

"माझ्यासाठी खुर्ची आणलीस," तो म्हणतो, "पण त्याचे चाळीस सेकंद काढून घेतलेस. ते त्याला परत दे. मला इथंच राहू दे, इथं तो आहे. त्या बाभळीपाशी कुणी नाही."

"मग तुम्ही राहणार नाही."

"मी नाहीच आहे, बाळ."

तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणतो की तिला राग येतो. त्रेपन्न वर्षांचा राग, कुणावर काढायचा ते न कळलेला. तो तिला रागवू देतो. तेवढ्यात मनगटावरची दोरी सोडतो आणि तिच्या उजव्या मनगटाला गुंडाळायला लागतो. दोन वेढे, तिसरा वेढा, गाठ.

"पेन्सिल पडली की या नाकात हात पोचत नाही," तो सांगतो. "पुढचं तू बघ आता."

"दुखतंय. घट्ट झालीय."

"होऊ दे. सैल राहिली की निसटते."

तो रांगत मागे सरकतो. भिंतीवरून पॅराशूट काढतो. पहिली कडी बसते, दुसरी बसत नाही. दार उघडतं आणि थंड वारा आत घुसतो. त्या वाऱ्यात, कुठून कोण जाणे, भांड्यांचा आवाज येतोय. तोही ऐकतो, कान टवकारून.

"कुंदा काय करतेय?"

"भांडी घासतेय," हेमांगी सांगते.

त्याचा चेहरा असा होतो की जणू याहून चांगली बातमी जगात नाही. दुसरी कडी अजून बसलेली नाही. वर बूट तसेच रोवलेले आहेत.

चार वाजून दहा मिनिटं.

दिवाण, पंखा, भिंतीवर ऊन. हेमांगीची उशी ओली आहे. ती डोळे पुसायला हात वर करते आणि हात तसाच राहतो. उजव्या मनगटावर लाल वण आहे. तीन वेढे, बारीक, दोरीचा पीळसुद्धा उमटलेला. आतल्या बाजूला, नाडीवर, गाठीएवढा एक खोल ठिपका. ती चादर झटकते, उशी उचलते. दोरी कुठे नाही. तिच्या हातात बांगडी नसते, घड्याळ ती डाव्या हातात घालते.

ती कॉम्प्युटरपाशी जाऊन बसते. नाक उघडते. निळ्या गादीच्या सीटवर बाण नेते आणि बटण दाबते. सीट जाते. जे बटण दाबायला वर्षभर जमलं नाही, ते दाबायला एवढाही वेळ लागत नाही. तिच्याखाली तळाचा पत्रा रेखाटलेलाच नव्हता, तिथे भोक दिसतं. ती पत्रा रेखाटते. भिंतीवर पॅराशूट अडकवते. रेषा सरळ येतात. तीस वर्षांची सवय आहे.

आई भजनाला निघालीय. नेसून, पिशवी घेऊन, पायात चपला. कुंदाताई आता ऐंशीच्या आहेत. नवऱ्याचं नाव निघालं की "तुझे वडील" म्हणतात, दूरच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं. येते गं, असं म्हणता म्हणता त्यांची नजर हेमांगीच्या हाताकडे जाते.

त्या पिशवी खाली ठेवतात. जवळ येऊन मनगट उलटं करतात आणि आतल्या बाजूचा तो ठिपका बोटाने चाचपतात. हेमांगी सांगायला तोंड उघडते, पण त्या मानेनेच नको म्हणतात. आत जातात आणि वाटीत खोबरेल तेल घेऊन येतात. हेमांगीसमोर स्टुलावर बसतात, तिचा हात मांडीवर घेतात आणि अंगठ्याने वणावर तेल चोळू लागतात, एकेका वेढ्यावरून, जणू हे काम काल संध्याकाळीही केलं होतं.

पाचला पाच कमी असताना दारावरची बेल वाजते. एक म्हातारा माणूस बाहेर खाकरतो. कुंदाताई उठत नाहीत, आणि जातही नाहीत. हातातल्या मनगटाकडे बघत, हेमांगीशी नव्हे, त्या हळू आवाजात म्हणतात,

"अहो, किती वेळा सांगितलं, सैल बांधत जा म्हणून."