पहिल्या तारखेचा आवाज

“मोजून घ्या भाऊ. पुरे हायेत. आता माहं ऐका.”

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी घरमालकाच्या ओसरीतून हा आवाज आमच्या पाचही खोल्यांना ऐकू येई. त्यातल्याच एका खोलीतल्या बाई भाडं टेबलावर ठेवायच्या, बसायच्या नाहीत, आणि मोजून झालं की सुरू व्हायच्या. संडासाची कडी तुटली, जिन्यात बल्ब नाही.

कारध्याच्या त्या खोल्यांत मीही भाडेकरूच. एक तारखेला मात्र मला फार कामं असत. घरमालकाची चप्पल वाजली की मी खाटेखाली काहीतरी शोधायला लागे. तुम्हीही कधी शोधलं असेल, सांगत नसाल.

बाई जवाहरनगरच्या कामगारांना डबे पुरवायच्या. एका मे महिन्यात अंगणातल्या बोअरची मोटर जळाली. पाणी बंद म्हणजे डबे बंद, आणि डबे बंद म्हणजे बाईंची चूल बंद. घरमालक अंगणात येऊन म्हणाला, “पयले सारे बाकी द्या, मंग मोटर.” आम्ही चार बिऱ्हाडं माना खाली घालून उभी.

बाई पुढे आल्या. “माही बाकी कोन्त्या महिन्याची हाय?”

“तुमची नाही जी.”

“मंग मले पानी काहून नाही?”

“जास्त बोलसान तं खोली खाली करा लागन!”

“नाही करत. भाडं हाय माहं, भीक नाही!”

तो नरमला. हळूच म्हणाला, “तुमच्यापुरता माह्या घरून पाइप देतो. कोनाले सांगू नोका.”

बाई साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा बोलल्या, “चोरून पाइप कायले? खोली घेतली तवा बोअरचं पानी ठरलं होतं. तेच पायजे!”

तिसऱ्या दिवशी मोटर बसली. आम्ही खूश. संध्याकाळी बाईंनी आमची दारं ठोकली.

“बाबूजी, हे भांडन तुमच्यासाठी नोतं. भाडं देऊन टाका. माह्या भरोशावर पानी पेता, लाज नाही वाटत?”

वाटली. नवा मोबाइल घ्यायचा बेत मोडून मी तीन महिन्यांचं भाडं एकदम दिलं. बायको म्हणाली, “मोबाइलपेक्षा हे बरं. आता दार उघडं ठेवता येईल.”

यंदा बाई लेकीकडे बपेऱ्याला राहायला गेल्या. मागच्या महिन्यात छतावरची टाकी फुटली. आम्ही सगळे ओसरीवर गेलो. कुणाचीच बाकी नव्हती, तरी ‘तुमी बोला, तुमी बोला’ चाललेलं. शेवटी मीच घसा खाकरला. आवाज बारीकच निघाला.

“भाऊ, टाकी आजच्या आज पायजे.”

घरमालक माझ्याकडे बघत राहिला. या वेळी मी मान खाली घातली नाही.