सगळा चौक थांबवून

एकतीस वर्षं चौकात शिट्टी फुंकून निवृत्त झालेले हवालदार जलरंगाच्या वर्गाला निघाले, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. पण गडी हटेना. रोज चौकच रंगवायचा. बस, मोटारी, सायकली, दुकानांच्या पाट्या, खांबावरच्या तारा, काही म्हणून सुटायचं नाही. चित्रात नुसती चेंगराचेंगरी!

वर्गाच्या प्रदर्शनातून त्यांचं चित्र दोनदा परत आलं होतं. यंदाही आलं तर ब्रश कायमचा ठेवून द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आणि त्या विचाराने जीव कासावीस व्हायचा. निवृत्तीनंतर सकाळी उठावंसं वाटायचं ते तेवढ्यासाठीच.

"काका, बघणाऱ्याने डोळा टेकवायचा कुठे?" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "सगळंच सारखं ठसठशीत. कुणातरी एकाला मान द्या."

"अहो, ड्यूटीवर एकाकडेच बघत बसलो असतो, तर गाड्या एकमेकींवर चढल्या असत्या!"

घरी येऊन त्यांनी हेच गाऱ्हाणं बायकोपुढे मांडलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्षं डबा घेऊन त्या कोपऱ्यावर उन्हात ताटकळले. एकदा तरी माझ्यासाठी गाड्या थांबवल्यात?"

"नियम सगळ्यांना सारखा," हवालदार पुटपुटले. पण मनातून त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद ओला केला. बस, मोटारी, पाट्या, सगळं ओल्यातच निळसर करड्या रंगात विरघळू दिलं. गाड्यांचे नंबर काढायला हात शिवशिवत होता, तो आवरला. मधल्यापासून जरा उजवीकडे एका बाईपुरती जागा कोरी सोडली. कागद खडखडीत वाळल्यावर त्या जागेच्या कडेने सगळ्यांत गडद रंग भरला, तशी पांढरी आकृती झळकून पुढे आली. तिच्या हातात लालभडक पिशवी दिली. चित्रात लाल काय ते तेवढंच.

यंदा चित्र प्रदर्शनात लागलं, तेही दारासमोरच्या भिंतीवर. येणारा प्रत्येकजण थबकायचा.

"एवढ्या गर्दीतून कुठे निघाली असेल हो ही?" एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं.

"माझ्याकडे," हवालदार म्हणाले.

बायको शेजारीच उभी होती. परतताना ती चित्रकलेच्या सामानाच्या दुकानापाशी आपणहून थांबली आणि म्हणाली, "कागद संपत आलेत तुमचे. चांगले जाड बघून घ्या."