पंपवाल्यांचे बूट

परसातलं तण मारण्यात पंपवाल्यांचा हात धरणारा त्या वस्तीत कोणी नव्हता. पाठीवर फवारणीचा पंप, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि तोंडी एकच पालुपद : "आधी कुत्रं आत घ्या."

"अहो, आमचं कुत्रं गवत खात नाही हो!" गिऱ्हाईक म्हणायचं.

"खात नाही, पण चालतं ना? मग पंजे चाटतं. दोन दिवस परसात सोडायचं नाही. जमत नसेल तर दुसरा माणूस बघा."

वारा असला की आल्या पावली परत जायचे. असल्या माणसाला कामं कशी मिळत? मिळत, कारण बावीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं कुत्रं दगावलं नव्हतं.

स्वतःच्या परसात त्यांनी औषधाचा थेंब टाकला नाही. फरशीच्या सांध्यांतल्या गवतावर उकळतं पाणी, बाकी सगळं खुरप्यानं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहायची, आठवड्यात पाती वर. पंपवाले पुन्हा फतकल घालून बसायचे.

"जगाचं तण चुटकीसरशी मारता," बायको म्हणायची, "आणि घरी ही तपश्चर्या!"

"गुंडू आहे ना."

गुंडू म्हणजे त्यांचा तपकिरी, एक कान पडलेला कुत्रा. त्यानं एकाएकी खाणं टाकलं. मग उलट्या, मग मागचे पाय लटपटू लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"मूत्रपिंडं गेलीत. परसात काही फवारता का?"

"मी? जन्मात नाही!" पंपवाले तडकले.

"कामावरचं काही चाटतो का?"

बायको सहज बोलून गेली, "बूट! हे दुपारी आले, बूट काढले, की हा त्यांच्यावर हनुवटी टाकून पसरलाच. चाटून लख्ख करतो. मी म्हणते, फुकटचा पॉलिशवाला मिळालाय."

कोणी हसलं नाही.

"मी पंप तीनदा विसळतो," पंपवाले म्हणाले. "हातमोजे साबणानं धुतो. बूट..."

बूट मागच्या पायरीवर तसेच राहायचे. वर्षानुवर्षं.

"त्यानंच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वयही झालंय. पण आता चार-पाच दिवस, फार तर."

घरी येऊन पंपवाल्यांनी बूट पत्र्याच्या पेटीत कोंडले, पायरी घासून काढली. वरातीमागून घोडं. गुंडू फरफटत पायरीशी आला, रिकामी जागा हुंगली आणि मागच्या फाटकाकडे तोंड करून बसला. बूट नाहीत, म्हणजे मालक अजून यायचाय; त्याला एवढंच कळत होतं.

"अरे, हा काय मी. इथेच आहे."

गुंडूनं शेपूट एकदा हलवलं, पण मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी पंपवाल्यांनी बूट बाहेर काढले. सोडा, साबण, गरम पाणी. सात वेळा धुतले, उन्हात वाळवले आणि पायरीवर नेऊन ठेवले. गुंडूनं नाक लावलं. नुसता साबणाचा वास. त्यानं नाक काढून घेतलं आणि पुन्हा फाटकाकडे बघत राहिला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, वय झालंय," बायको म्हणाली.

"म्हणाल्या."

चौथ्या दिवशी गुंडू तसाच, फाटकाकडे तोंड करून गेला.

सोमवारी काम ठरलेलं होतं. पंपवाले तेच बूट घालून गेले. दुसरं काही काम येत कुठे होतं?