शेवाळाच्या गोळीचा वास

वडील गेले त्या वर्षी आईने तुळशीची माळ घातली आणि मासे सोडले. लालबागच्या आमच्या मालवणी घरात ही साधी गोष्ट नव्हती. तिच्या हातच्या कालवणासाठी पाहुणे वाट वाकडी करून यायचे. माळ घातल्यापासून ती आमच्यासाठी रांधायची, पण मीठ बघायलाही चमचा तोंडाला लावायची नाही.

गेल्या वर्षी तिचे डोळे कोरडे पडायला लागले. पापणीखाली वाळू गेल्यासारखं खुपायचं. परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब दिले, गरम फडक्याने रोज पापण्या शेकायला सांगितलं. माशाच्या तेलाच्या गोळ्या चालतील का, असं मी विचारलं. आईने माळेला हात लावला.

"शेवाळाच्या तेलाच्याही मिळतात," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना बरं वाटतं, काहींना नाही. थेंब मात्र सोडायचे नाहीत."

चिंचपोकळीच्या एका केमिस्टकडे परदेशी बाटली मिळाली. "एकदम व्हेज आहे, बिनधास्त द्या," तो म्हणाला.

आठवडाभर आईने गोळ्या मुकाट घेतल्या. मग एका सकाळी एक गोळी दाताखाली फुटली. तिने मोरीत जाऊन चूळ भरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ह्यां माशाचां तेल आसा. माका फसवतंस?"

"अगं आई, शेवाळाचं आहे. बाटलीवर लिहिलंय."

"जल्म गेलो माझो मासे साफ करण्यात. माका वास कळणा नाय?"

त्या दिवसापासून ती माझ्या हातचा चहासुद्धा आधी हुंगायची. मी कामावर गेलो की बायकोला विचारायची, त्याने खरं काय आणलंय ते तुला तरी सांगितलंय का? शेवटी मीही एक गोळी फोडून पाहिली. वास खरंच माशाचा होता. आता मलाही त्या केमिस्टचा संशय यायला लागला. बाटली घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो.

"काकू, समुद्रातलं बारीक शेवाळ खाऊनच हे तेल माशांत येतं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून वास सारखा."

आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तेल शेवाळाचं असेल. वरचं कवच कशाचं?"

डॉक्टरांनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. "जिलेटिनचं. ते जनावरांच्या हाडांपासून, कातड्यापासून करतात."

 घरी आल्यावर आईने माळ काढून देवापुढे ठेवली, डोक्यावरून आंघोळ केली, बराच वेळ देवासमोर बसली आणि माळ पुन्हा घातली.  मग मला म्हणाली, "तुका ठाऊक नव्हतां, ह्यां माका पटता. त्या दुकानवाल्याचां काय?"

मी त्याला विचारायला गेलो. "तेल तर व्हेजच आहे ना, साहेब?" एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

दुसरी बाटली आणली ती हिरव्या ठिपक्याची, कवचही वनस्पतीचं. ती डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून वाचून घेतल्यावरच आईने उघडली. दोन-तीन महिन्यांनी डोळ्यांतली खुपखुप बरीच कमी झाली. गोळीने फरक पडला का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"थेंबांनी असेल, शेकण्याने असेल. गोळीचं मी कसं सांगू?" आई म्हणाली.

"खरं सांगायचं तर मलाही नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाल्या.

आई त्यांच्याकडे बघून हसली. त्या दवाखान्यात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.