गल्लीभर फिरलेली लाल गाडी

गल्लीत तिला सगळे पिशवीबाई म्हणत. खांद्यावर ती भलीमोठी पिशवी नसती तर सख्ख्या बहिणीनंही तिला ओळखलं नसतं. कामाचं सरकारी नाव लांबलचक होतं. सोप्या भाषेत, गरिबीनं पोराला गाठायच्या आत सरकारनं गाठायचं, आणि सरकारला पाय नसल्यामुळे चालायचं पिशवीबाईनं. घरोघरी जमिनीवर बसून ती आयांना सांगे, झाकणं वाजवा, चमचे मोजा, पोराशी बोला. "त्याला काय कळतंय?" असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "नवऱ्याला तरी काय कळतं? त्याच्याशी बोलताच ना."

कोपऱ्यावरच्या घरात मात्र तिची डाळ शिजत नव्हती. तिथली नात दोन वर्षांची होऊन गेली तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. आई लाँड्रीत कामाला, घरी आजी. "आमच्याकडे सगळे कमीच बोलतात," असं आजी तासभर सांगे. वाचा सुधारणाऱ्या सरकारी डॉक्टरीणबाईंकडे मुलीचा नंबर नुकताच लागत आला होता.

तेवढ्यात कळलं की वस्ती खरंच गरजू आहे का, हे बघायला साहेब येणार. गरजू नाही ठरली तर योजना उचलून दुसरीकडे नेणार, म्हणजे मुलीचा नंबरही गेला. पिशवीबाईनं दारोदार बजावलं, "घर आहे तसंच ठेवा. काही आणू नका, काही झाकू नका." गल्लीनं मान डोलावली. मग पाहुणा येणार म्हटल्यावर अब्रूदार माणसं जे करतात तेच केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिथं कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

पहिल्या घरी जमिनीवर गालिचा होता आणि त्यावर लाकडाची लाल गाडी. दुसऱ्या घरी तोच गालिचा, तीच गाडी. फक्त घरच्या बाईला धाप लागलेली. सामान मागच्या दारानं साहेबांच्या पुढं पळत होतं. तिसऱ्या घरी साहेब म्हणाले, "सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेलं दिसतंय. परिस्थिती बरी आहे की इथं."

खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण पिशवीबाई वाढली याच गल्लीत. घरात काही नसलं आणि कुणी आलं की तिची आई रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून वर झाकण घाली. ते झाकण उचलणाऱ्याला तिनं जन्मात माफ केलं नसतं. ती गप्प राहिली, आणि गप्प राहिल्याबद्दल तिला स्वतःचीच चीड आली.

कोपऱ्यावरच्या घरी आजी ठेवणीतले कपडे घालून गालिच्याच्या कडेला उभी होती, पाय न लावता. नात गाडीसमोर हात मागे घेऊन बसली होती. सकाळपासून तिला एकच गोष्ट बजावली होती.

साहेब वाकले. "छान गाडी. कुणाची गं?"

"तिचीच. आणखी कुणाची?" आजी म्हणाली.

नातीनं आजीकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"हात नको," ती म्हणाली. "आपली नाही."

मागच्या दारात शेजारची सून गालिचा न्यायला येऊन उभी होती, ती तिथंच थिजली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, गालिच्याकडं पाहिलं, आणि मागची तीन घरं एकदाची त्यांच्या डोक्यात शिरली. पिशवीबाईला यातलं काही दिसलं नाही. ती मुलीचे दोन्ही हात धरून खाली बसली होती आणि ढसाढसा रडत होती. "पुन्हा म्हण," एवढंच तिला बोलता येत होतं.

योजना राहिली. "नातीनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते घराची अब्रू काढायला," आजी भेटेल त्याला सांगे. कुणी भेटलं नाही तर जाऊन सांगे.

पुढच्या खेपेला पिशवीबाई गेली तेव्हा जमीन उघडी होती. शेगडीवर झाकलेलं पातेलं होतं. आजीनं झाकण काढलं. आत काही नव्हतं. ते झाकण तिनं नातीपुढं ठेवलं.

"वाजव," ती म्हणाली. "हे आपलं आहे."