ढोंग ओळखणारा कंडक्टर

वाल्मीक एसटीत कंडक्टर होता, भडगावहून धुळ्याच्या फेरीवर. पाच वर्षांच्या आतलं म्हणून मांडीवर बसवलेलं नऊ वर्षांचं पोर तो दारातूनच ओळखायचा. झोपेचं सोंग घेऊन तिकीट चुकवणाऱ्याला तर तो हाताला धरून उठवायचा. "माणसाचं तोंड पाहिलं की मला खरंखोटं कळतं," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि चारचौघंही मान डोलवायची. याच गुर्मीनं त्याचा घात केला.

त्याच्या बायकोचं, सुगंधाबाईचं, डोकं शहाऐंशी सालापासून दुखू लागलं. मानेच्या मागून कानावरनं टाळूपर्यंत कळ जायची, उजव्याच बाजूनं. फणी लागली तरी ती कळवळायची. पण ताप नाही, सूज नाही, आणि गावातल्या डॉक्टरच्या गोळीनं उतारही पडेना. भाकरी थापायची, शेण काढायची, पाणी भरायची आणि मध्येच डोकं धरून बसायची. वाल्मीकनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि निकाल लावून टाकला : कामाचा कंटाळा.

त्याच वर्षी वाल्मीकच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा झाला. पंगतीत वाल्मीकचे वडील हिलाल नाना व्याह्यांच्या शेजारी बसले होते, आणि सुगंधाबाई वाढायला आली ती पदर खांद्यावर टाकून. सासऱ्यापुढं उघडं डोकं! व्याह्यांनी मान खाली घातली. नाना भरल्या ताटावरून उठले.

वाल्मीकनं तिला सगळ्यांदेखत अडवलं. "डोकावरना पदर कुठे शे?"

"कापड लागनं का करंट बसस," ती हळूच म्हणाली.

"ढोंग नको करू." त्यानं स्वतःच्या हातानं पदर तिच्या डोक्यावर ओढला, करकचून. तिचे डोळे भरले. त्याला वाटलं, लाजेनं भरले.

तेव्हापासून पदर कधी ढळला नाही. पण नाना भारी हेकट. त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं अन्न सोडलं. नव्वद साली ते गेले तोवर त्यांची गावातच दिलेली मोठी लेक नाहीतर शेजारीण त्यांचं ताट करायची. वाल्मीकनं मनात आणलं असतं तर बापाची समजूत काढता आली असती. त्यानं काढली नाही. बायकोला जरा अद्दल घडू दे, असं त्याला वाटायचं. खोटं कशाला बोला, बरंही वाटायचं.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस फेरी रद्द झाली आणि तो भरदुपारी घरी आला. मागल्या दारी सुगंधाबाई एकटीच धुणं वाळत घालत होती. वाऱ्यानं पदर डोक्यावर फडफडला आणि ती जागच्या जागी खाली बसली. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती आवाज दाबत होती. वाल्मीक दारातच थबकला. इतकी वर्षं माणसं ओळखली, पण बघणारं कुणी नसताना ढोंग करणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तो तिला धुळ्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी मानेच्या मागं एक जागा बोटानं दाबली, तशी ती किंचाळली.

"इथून डोक्यावर जाणारी शीर चिडली आहे," डॉक्टर म्हणाले. "हा आजार फारसा आढळत नाही. नुसतं कापड लागलं तरी विजेचा झटका बसल्यासारखी कळ जाते. किती वर्षं झाली?"

"सहा," सुगंधाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं, मग वाल्मीककडे. त्यांनी त्याच जागी इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी सुगंधाबाईनं भीत भीत केसांवर हात ठेवला, मग सगळ्या डोक्यावरून फिरवला. ती रडायला लागली. वाल्मीकला तिथं बसवेना. तो बाहेर जाऊन उगाच भिंतीवरचे कागद वाचत उभा राहिला.

परतीच्या गाडीत, पारोळा मागं पडल्यावर, त्यानं धीर केला. "मनी चूक व्हयनी. तू ढोंग नही करे."

"माले तं माहीतच व्हतं," सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मरेपर्यंत नानास्नी मना हातनं खादं नही. आते त्यास्ले कोन सांगी?"

पुढच्या बाकावर कंडक्टर तिकिटं फाडत होता. वाल्मीक मान खाली घालून बसून राहिला.